पर्जन्यमापकाचे घड्याळ : कर्नलमधून डीएस३२३१ वाचण्याच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

घाटमाथ्यावर बसवायच्या पर्जन्यमापक नोंदयंत्रातील वेळेच्या कामाला आज सुरुवात केली. यंत्राचा मेंदू बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड आहे आणि त्यावर लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ५.१५ चालतो. मापक टिपिंग बकेट पद्धतीचा आहे, दर ०.२ मिलिमीटर पावसाला त्यातील पात्र एकदा उलटते, चुंबकाने चालणारा रीड स्विच क्षणभर जोडला जातो आणि बोर्डाच्या एका जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट) पिनवर इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष वेधणारा संकेत, येतो. या प्रत्येक उलटण्याची वेळ नोंदवणे एवढेच यंत्राचे काम आहे. मात्र जागेवर मोबाइलचे नेटवर्क नसल्यामुळे इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीची मदत मिळणार नाही, आणि सौर पॅनेलवरची वीज जपायची असल्यामुळे जीपीएस घेतलेला नाही. वेळेचा सगळा भार एका घड्याळ-चिपवर आहे.

वेळ चुकली तर काय बिघडते, हे आधीच लिहून ठेवणे बरे. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० वाजता संपतो, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ३.०० वाजता. पहाटेपासून लागून राहिलेली जोरदार सर साडेआठच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली असेल, तर काही मिनिटांच्या चुकीनेही पाऊस एका दिवसाच्या खात्यातून दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जातो. चिपमध्ये वेळ यूटीसीचीच ठेवायची आणि साडेपाच तासांचा फरक फक्त अहवाल छापताना मिळवायचा, हे त्यामुळे आजच ठरवून टाकले.

चिप म्हणून डीएस१३०७ ऐवजी डीएस३२३१ घेतली आहे. साध्या ३२.७६८ किलोहर्ट्झच्या स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक धरली, तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांच्या वर फरक पडतो. शिवाय २५ अंश सेल्सिअसपासून तापमान जसे दूर जाते तसा तो स्फटिक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मागे पडतो. डीएस३२३१ मध्ये स्फटिक चिपच्या पोटातच असतो आणि चिप दर ६४ सेकंदांनी स्वतःचे तापमान मोजून दुरुस्ती करते. ० ते ४० अंशांच्या पट्ट्यात तिची हमी दहा लाखांत २ भागांची आहे, म्हणजे वर्षभरात साधारण एक मिनिट.

६ जून

जोडणी पूर्ण झाली. चिपचे छोटे बोर्ड, म्हणजे मॉड्यूल, पी९ हेडरच्या १९ आणि २० क्रमांकांच्या पिनांवर, म्हणजे २ क्रमांकाच्या आयटूसी बसवर (चिपांशी दोन तारांवरून बोलण्याच्या मार्गावर) आहे. वीज ३.३ व्होल्टचीच दिली आहे, कारण मॉड्यूलवरचे पुल-अप रोध (बसच्या तारा वरच्या व्होल्टला ओढून धरणारे) त्याच्या पुरवठ्याला जोडलेले असतात आणि ५ व्होल्ट दिल्यास तेच व्होल्ट बीगलबोनच्या पिनांवर येऊन प्रोसेसर जळण्याचा धोका असतो.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या या निळ्या मॉड्यूलवर एक डायोड आणि २०० ओहमचा रोध बटण-सेलला चार्ज करण्यासाठी टाकलेला असतो. आम्ही वापरणार असलेला सीआर२०३२ हा सेल चार्ज करण्याचा नव्हेच, म्हणून तो रोध सोल्डरिंग आयर्नने काढून टाकला. त्याच मॉड्यूलवर हेक्स ५७ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायाने लिहिलेला आकडा) या पत्त्यावर एक ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी स्मृती-चिपही असते आणि या बसवर बीगलबोन आपल्या केप-बोर्डांची (वर बसणाऱ्या जोड-बोर्डांची) ओळख हेक्स ५४ ते ५७ या पत्त्यांवर शोधतो. पत्त्याचे तिन्ही पॅड सोल्डरने जोडून ईईप्रॉम ५० वर नेली. घड्याळाचा पत्ता हेक्स ६८ आहे आणि तो बदलता येत नाही.

१० जून

ड्रायव्हर, म्हणजे चिप हाताळणारा कर्नलचा भाग, नवा लिहावा लागत नाही. कर्नलमधला डीएस१३०७ चा ड्रायव्हर याच कुळातील अनेक चिप सांभाळतो आणि डीएस३२३१ त्यांपैकीच एक आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरच्या वर्णनात, आयटूसी नोडखाली चिपचा पत्ता आणि कंपॅटिबल नाव लिहिले की तो चिपला धरतो. अडचण वेगळीच आहे. बीगलबोनच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचेही एक आरटीसी (तारीख-वेळेचे घड्याळ) आहे, त्याला या बोर्डावर बॅटरीचा आधार नाही, आणि ते आधी नोंदले गेल्यामुळे आरटीसी० हे नाव पटकावते. कर्नल सुरू होताना सिस्टिमची वेळ आरटीसी० वरून घेतो. परिणामी बूटच्या नोंदीत ‘सेटिंग सिस्टिम क्लॉक टू २०००-०१-०१’ ही ओळ आणि कंसात ९४६६८४८०० हा सेकंदांचा आकडा दिसला, आणि अचूक चिप आरटीसी१ म्हणून बाजूला बसून राहिली.

यावरचा उपाय डिव्हाइस ट्रीच्या एलियास विभागात आहे. तेथे आरटीसी० हे नाव बाहेरच्या चिपच्या नोडला आणि आरटीसी१ हे आतल्या घड्याळाला बांधून दिले. कोणता ड्रायव्हर आधी उभा राहतो, यावर नाव अवलंबून राहणे या कामात परवडणारे नाही.

१४ जून

आमच्या मॉड्यूलने, म्हणजे पावसाच्या नोंदी घेणाऱ्या कर्नल-ड्रायव्हरने, चिप कशी वाचावी हा आजचा विषय. हेक्स ६८ या पत्त्यावर थेट आयटूसीने बोलण्याचा मोह होतो, कारण वेळेची रजिस्टरे (चिपमधील लहान स्मृतिखण) मोजकी सात आहेत आणि मांडणी सोपी आहे. पण ड्रायव्हरने पत्ता धरल्यावर बसवरचे पत्ते तपासणाऱ्या आयटूसी-डिटेक्टच्या तक्त्यात ६८ च्या जागी ‘यूयू’, म्हणजे पत्ता ड्रायव्हरच्या ताब्यात असल्याची खूण, दिसते, ते उगाच नाही. दोन ठिकाणांहून एकाच चिपला सूचना जाऊ लागल्या की एकाने लिहिलेला कंट्रोल बाइट दुसरा पुसतो. कर्नलमध्ये यासाठी ठरलेला रस्ता आहे: आरटीसी_क्लास_ओपन या फंक्शनला ‘आरटीसी०’ हे नाव द्यायचे, मिळालेल्या पॉइंटरवर आरटीसी_रीड_टाइम बोलवायचे आणि काम संपले की आरटीसी_क्लास_क्लोज करायचे. ओपन अयशस्वी झाले तर ते त्रुटीचा क्रमांक देत नाही, नुसता नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देते; तेव्हा आमच्या प्रोबने (ड्रायव्हर उभा करणाऱ्या फंक्शनने) प्रोब-डिफरची, म्हणजे ‘नंतर पुन्हा बोलवा’ अशी, त्रुटी परत करावी, म्हणजे घड्याळ उभे राहिल्यावर कर्नल आम्हाला पुन्हा हाक मारतो.

ड्रायव्हर बीसीडीतील (प्रत्येक दशमान अंक वेगळा ठेवणाऱ्या पद्धतीतील) आकडे उलगडून देतो आणि महिना ० ते ११, वर्ष १९०० पासूनचे अशी सी-भाषेची नेहमीची मांडणी करतो. हाताने असले गणित करण्याऐवजी आम्ही लगेच ६४ बिटांच्या सेकंदांत रूपांतर करतो, त्यामुळे ३२ बिटांतले सेकंद संपण्याचा २०३८ सालचाही प्रश्न उरत नाही. आणखी एक गोष्ट चिपने स्वतःच सांभाळली आहे. आयटूसीवर स्टार्टची खूण येताच ती चालू वेळेची प्रत वेगळ्या बफरमध्ये घेते आणि सातही बाइट त्या प्रतीतून देते. त्यामुळे ०९:५९:५९ वरून १०:००:०० होताना वाचन झाले, तरी तास जुना आणि मिनिटे नवी असा तुटका आकडा येत नाही. अट इतकीच, की सातही बाइट एकाच व्यवहारात वाचले पाहिजेत. ड्रायव्हर तसेच वाचतो.

१९ जून

पात्र उलटल्याच्या इंटरप्ट-हँडलरमधून आरटीसी_रीड_टाइम बोलावता येत नाही. हे तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे, म्हणून अणु-संदर्भात, म्हणजे थांबून वाट पाहण्याची मुभा नसलेल्या जागी, झोपणाऱ्या फंक्शनांची तपासणी करणारा पर्याय चालू करून चाचणीचा कर्नल बांधला आणि टेबलावर नव्या सहकाऱ्यासमोर ते वाचन मुद्दाम हँडलरमध्ये टाकून चालवले. पहिल्याच टिपेला, म्हणजे पात्र उलटताच, ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ असा बग-संदेश आणि त्याखाली फंक्शनांची साखळी पडद्यावर आली: सर्वांत खाली आमचा हँडलर, त्यावर आरटीसीचे वाचन, आणि त्याच्या आत म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप. आरटीसीचा गाभा आधी म्यूटेक्स घेतो, मग आयटूसीचा ड्रायव्हर बाइट पोहोचेपर्यंत झोपून वाट पाहतो, आणि हँडलरमध्ये झोपण्याची मुभा कोणालाच नाही. तपासणीचा पर्याय बंद असलेल्या कर्नलमध्ये हेच वाचन अनेकदा निभावून जाते, आणि नेमका म्यूटेक्स दुसऱ्याकडे असेल त्या दिवशी यंत्र अडते. डोंगरावरच्या यंत्रात असला दोष सापडणे फार कठीण.

एका वाचनाला किती वेळ लागतो, हेही मोजण्यासारखे आहे. पत्ता, रजिस्टराचा क्रमांक, पुन्हा पत्ता आणि सात बाइट मिळून दहा बाइट, प्रत्येकी नऊ बिट. १०० किलोहर्ट्झच्या बसवर सुमारे ०.९ मिलिसेकंद. इंटरप्टसाठी हा काळ फार मोठा आहे.

मग टिपेची वेळ कोठून घ्यायची? केटाइम_गेट_बूटटाइम_एनएस हे फंक्शन इंटरप्ट-हँडलरमध्येही चालते, झोपत नाही, चिपला हातही लावत नाही. ते बोर्ड सुरू झाल्यापासूनचे नॅनोसेकंद देते आणि सिस्टिमची तारीख कोणी मागेपुढे केली तरी हा आकडा उडी मारत नाही. हँडलर आता एवढेच करतो: हा आकडा घेतो, रीड स्विच थरथरल्यामुळे आलेली जवळजवळचे जास्तीचे संकेत गाळतो आणि आकडा केफिफोत, म्हणजे कर्नलमधल्या रांगेत, टाकतो. लिहिणारा एक आणि वाचणारा एक असल्यामुळे तेथे लॉकही लागत नाही.

२७ जून

बूटपासूनच्या या आकड्याला तारखेशी जोडणे हे आता खरे काम आहे. सर्वसाधारण सल्ला असा असतो की आरटीसी फक्त बूटच्या वेळी वाचावे आणि पुढे सिस्टिमच्या घड्याळावर विसंबावे. एनटीपी असलेल्या यंत्राला हा सल्ला योग्य आहे. आमचे यंत्र मात्र पूर्ण पावसाळा न थांबता चालायचे आहे, आणि बोर्डावरच्या २४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला तापमानाची दुरुस्ती नाही. त्यात दहा लाखांत ५० भागांची चूक धरली तर दिवसाला ४.३ सेकंद आणि चार महिन्यांत आठ मिनिटांहून अधिक फरक साचतो. येथे चिप सिस्टिमच्या घड्याळापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. म्हणून दर तासाला एक जोडी नोंदवायची: बूटपासूनचे नॅनोसेकंद आणि त्याच क्षणाची चिपची वेळ. या जोडीला आम्ही ‘खुंटी’ म्हणू लागलो आहोत. दोन खुंट्यांच्या मधल्या टिपांची तारीख सरळ प्रमाणाने काढायची आणि सिस्टिमच्या घड्याळाला ढकलायचेच नाही.

खुंटीबरोबर कर्नलचा बूट-आयडीही (प्रत्येक बूटला वेगळी असणारी ओळख) लिहितो. अडकलेले यंत्र ओळखणाऱ्या वॉचडॉगने बोर्ड पुन्हा सुरू केला तर नॅनोसेकंद शून्यापासून चालू होतात, आणि दोन बूटांचे आकडे एकमेकांत मिसळले तर ते नंतर वेगळे करता येत नाहीत.

४ जुलै

खुंटीत एक उणीव होती. चिप पूर्ण सेकंदच सांगते. ‘१४ सेकंद’ असे उत्तर आले तेव्हा चौदावा सेकंद नुकताच लागला होता की संपत आला होता, हे कळत नाही. तासाच्या दोन टोकांना सेकंदभराची अनिश्चितता म्हणजे दहा लाखांत सुमारे २७८ भाग. ज्या स्फटिकाची ५० भागांची चूक मोजायला निघालो, त्याच्या पाचपटीहून जास्त चूक मोजपट्टीतच आली.

सेकंद बदलण्याचा नेमका क्षण पकडण्यासाठी चिपची एसक्यूडब्ल्यू पिन वापरली. कंट्रोल रजिस्टरातील आयएनटीसीएन हा बिट शून्य केला आणि दर १ हर्ट्झचा निवडला, की या पिनवर सेकंदाला एक चौकोनी लहर येते आणि तिची उतरती कड सेकंद बदलण्याशी जुळते. हे बिट आम्ही स्वतः लिहिले नाहीत. ड्रायव्हर या पिनेची नोंद कर्नलच्या क्लॉक-व्यवस्थेत करतो. डिव्हाइस ट्रीमध्ये आमच्या नोडला ते क्लॉक दिले, दर १ मागितला आणि ते सुरू केले. हीच पिन अलार्मच्या इंटरप्टचीही असते आणि एका वेळी दोन्हींपैकी एकच काम करू शकते. आम्हाला अलार्म नको आहे, त्यामुळे निवड सोपी झाली.

इंटरप्ट थ्रेडसह मागितला आहे. कड येताच वरचा हँडलर बूटटाइम टिपतो, आणि झोपण्याची मुभा असलेला थ्रेड सावकाश चिप वाचतो. वाचनाला मिलिसेकंद लागो की थ्रेडला रांगेत थोडे थांबावे लागो, पुढची कड येण्यापूर्वी वाचन झाले की तो सेकंद याच कडेचा असतो. खुंटी घेऊन झाली की पुढच्या तासापर्यंत तो इंटरप्ट बंद. उणीव आता सेकंदावरून इंटरप्टच्या विलंबापर्यंत, म्हणजे मायक्रोसेकंदांच्या घरात आली.

११ जुलै

आजची नोंद लांब होणार आहे, कारण या प्रकल्पातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आज समोर आली.

बटण-सेल काढून वीज बंद केली, थोड्या वेळाने सेल परत बसवला आणि बोर्ड सुरू करताना यू-बूटमध्येच, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्येच, थांबून चिपचे हेक्स ०एफ क्रमांकाचे स्टेटस रजिस्टर वाचले. उत्तर हेक्स ८८ आले. त्यातील सर्वांत वरचा बिट म्हणजे ओएसएफ. आंदोलक कधीतरी थांबला होता आणि म्हणून ही वेळ खरी मानू नका, असे तो सांगतो. मग कर्नल सुरू होऊ दिला. बूटच्या नोंदीत ‘सेट टाइम!’ असा इशारा एकदा उमटला, आरटीसी० वरून २००० सालची तारीख सिस्टिमला लागली, आणि पुन्हा सुरू करून यू-बूटमध्ये पाहिले तर तेच रजिस्टर हेक्स ०८ दाखवत होते. आमच्या कर्नलमधला ड्रायव्हर प्रोबच्या वेळी हा बिट पाहतो, इशारा छापतो आणि तेथेच तो पुसून टाकतो. त्यानंतर वाचन करणाऱ्या कोणालाही ही वेळ खोटी असल्याचे कळण्याचा मार्ग राहत नाही.

समोर माणूस बसलेल्या संगणकावर हे चालून जाते, कारण इशारा वाचून तो वेळ लावतो. डोंगरावरच्या पेटीत इशारा वाचणारे कोणी नाही. तारीख २००० सालची असली तर निदान डोळ्यांना खटकते. पण आंदोलक थोडाच वेळ थांबून पुन्हा चालू झाला आणि रजिस्टरे शाबूत राहिली, तर वेळ काही तासांनी मागे पडलेली आणि तरीही पूर्णपणे पटण्याजोगी दिसेल. त्या वेळेने केलेल्या पावसाच्या नोंदी कोणत्याच तपासणीत पकडल्या जाणार नाहीत. घड्याळ चुकणे एक वेळ सोसता येईल, पण ते चुकल्याची माहिती चिपने जपून ठेवलेली असताना आपल्याच कोडने ती पुसणे मला मान्य नाही.

१८ जुलै

ड्रायव्हरमध्ये छोटा बदल केला. प्रोबमध्ये बिट पुसायचा नाही. वेळ वाचताना बिट लावलेला दिसला तर अवैध मूल्याची त्रुटी परत करायची. आणि वेळ यशस्वीपणे लिहिली गेली तरच बिट पुसायचा. आरटीसीच्या इतर अनेक ड्रायव्हरांची रीत हीच आहे. बदलानंतर सेल काढण्याची चाचणी पुन्हा केली, तेव्हा कर्नलने ‘अनेबल टू रीड द हार्डवेअर क्लॉक’ असे स्वच्छ सांगून खोटी तारीख घेण्याचे नाकारले, आणि कितीही वेळा पुन्हा सुरू केले तरी नाकारतच राहिला.

यातून पुढचा विचार सुचला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. चिपची तारीख खोटी असली तरी तिची चाल खरी असते. सेल परत लागल्यावर ती २००० सालापासून मोजू लागली, तरी दिवसाला ०.२ सेकंदापेक्षा कमी चुकीनेच मोजते. तेव्हा नाकारलेले वाचनही फेकून देऊ नये. आमच्या मॉड्यूलला त्रुटी मिळाली की ते ड्रायव्हरच्याच रेगमॅपमधून (रजिस्टरे वाचण्या-लिहिण्याच्या कर्नलमधील व्यवस्थेतून), म्हणजे त्याच कुलपांच्या आत राहून, सातही रजिस्टरे एका व्यवहारात वाचते आणि खुंटीवर ‘अविश्वसनीय’ अशी खूण करून ती लिहिते. पुढे तंत्रज्ञ जागेवर गेला आणि त्याने बरोबर वेळ लावली, की वेळ लावण्याच्या लगेच आधीची कच्ची खुंटी आणि लगेच नंतरची खरी खुंटी यांच्यातला फरक हाती येतो. तो मागच्या सर्व अविश्वसनीय खुंट्यांना मिळवला की मधल्या काळातील पाऊस त्याच्या योग्य दिवसात जाऊन बसतो, बोर्ड मध्ये पुन्हा सुरू झाला असला तरीही. मात्र बिट आधीच लावलेला असताना आंदोलक दुसऱ्यांदा थांबला, तर बिट ते वेगळे सांगू शकत नाही. म्हणून कच्ची वेळ मागच्या खुंटीपेक्षा मागे गेलेली दिसली, की तेथे साखळी तोडून नवी सुरू करायची आणि तुटलेल्या तुकड्याला फरक लावायचा नाही.

वेळ लावण्याचे साधनही यासाठी वेगळे लिहिले. सेकंदाचे रजिस्टर लिहिताच चिपची आतली मोजणीची साखळी शून्यावर येते, आणि उरलेली रजिस्टरे त्यापुढच्या एका सेकंदाच्या आत लिहावी लागतात. ड्रायव्हर सगळी एकदम लिहितो, त्यामुळे दुसरी अट आपोआप पाळली जाते. पहिल्या वैशिष्ट्याचा आम्ही फायदा घेतला: साधन तंत्रज्ञाच्या लॅपटॉपवरील सेकंद पूर्ण होण्याची वाट पाहते आणि नेमक्या त्या क्षणी लिहिते, त्यामुळे एसक्यूडब्ल्यूची कडही खऱ्या सेकंदाशी जुळते.

२ ऑगस्ट

यंत्र ताम्हिणीच्या परिसरात बसवले. सरी इतक्या जोराच्या होत्या की पेटी उघडी ठेवणे शक्य नव्हते, त्यामुळे तपासणी सीरियल केबलने ताडपत्रीखाली बसूनच केली. स्टेटस रजिस्टर हेक्स ०८ होते. पहिली खुंटी विश्वसनीय म्हणून नोंदली गेली आणि त्यानंतरच्या मिनिटांत टिपा एकामागून एक येत राहिल्या. डीएस३२३१ चा तापमापक याच ड्रायव्हरमार्फत हार्डवेअर-मॉनिटरच्या फाइलमध्ये पाव अंशाच्या पायरीने मिळतो, म्हणून प्रत्येक खुंटीबरोबर पेटीतले तापमानही लिहिण्याची सोय केली आहे. हंगामाच्या शेवटी बोर्डाच्या स्फटिकाची चाल तापमानासमोर मांडता येईल.

बीबीएसक्यूडब्ल्यू हा बिट शून्य ठेवला आहे, जेणेकरून मुख्य वीज गेल्यावर चौकोनी लहर बंद राहावी आणि सेलवर भार येऊ नये. चिपमधील एजिंग रजिस्टराला, म्हणजे स्फटिकाची चाल बारीक सुधारणाऱ्या रजिस्टराला, अजून हात लावलेला नाही. त्यातील एक पायरी २५ अंशांना दहा लाखांत सुमारे ०.१ भागाची असते. पावसाळा संपल्यावर यंत्र खाली आणू, तेव्हा चिपची वेळ एनटीपीशी ताडून पाहायची आणि फरक दहा लाखांत एका भागाहून जास्त निघाला तरच ते बदलायचे, असे ठरले आहे. ड्रायव्हरमधील बदलाची पॅच वर्णनासह वेगळी काढून ठेवली आहे आणि कर्नलच्या ताज्या आवृत्तीवर ती लागते का, हे पुढच्या आठवड्यात पाहायचे आहे.